शड्डू आणि शेरा

गेल्या गणेशोत्सवापूर्वी आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक लहानसा प्रस्ताव आला होता. जबलपुरात बदलीवर आलेल्या एका मराठी अधिकाऱ्याची पंधरा वर्षांची कन्या गेली तीन वर्षे नियमाने कुस्तीचा सराव करीत आहे. उत्सवातील एका सायंकाळी गादी अंथरून तिने व तिच्या तीन-चार मैत्रिणींनी अर्धा तास कुस्तीची प्रात्यक्षिके करून दाखवावीत, एवढाच तो प्रस्ताव. त्यासाठी वर्गणी वाढवावयाची नव्हती की कोणाचे गाणे रद्द करावयाचे नव्हते. प्रस्ताव फेटाळला गेला असे म्हणता येत नाही. कारण आमचे बहुतेक सभासद सरकारी नोकरीत हयात घालविलेले असल्यामुळे मंडळात काहीही फेटाळले जात नाही. ‘सध्या विचार करणे शक्य नाही, पुढील वर्षी योग्य वेळी पुनश्च सादर करावा,’ असा शेरा पडला आणि प्रस्ताव सुखाने निद्रिस्त झाला. बैठक संपल्यावर एका निवृत्त गृहस्थांनी आम्हांस आपुलकीने समजावून सांगितले, “परवानगी दिली म्हणून अडचणीत आलेले अधिकारी मी पुष्कळ पाहिले, न दिली म्हणून अडचणीत आलेला एकही पाहिला नाही.”

आम्ही त्या बैठकीस हजर होतो आणि गप्प बसलो होतो. प्रस्तुत लेख हे त्या मौनाचे प्रायश्चित्त समजावे.

ज्या शहरात हे घडले त्याचे थोडे स्मरण करू. १५६४ साली मोगल सेनेशी लढताना राणी दुर्गावतीने देह ठेवला तो याच परिसरात. येथील विद्यापीठास तिचे नाव आहे, संग्रहालयासही तिचेच नाव आहे. झाशीच्या राणीवरील ज्या कवितेने अवघ्या उत्तर हिंदुस्थानातील शाळकरी मुलांना वेड लावले, त्या कवितेच्या कर्त्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहत होत्या. आपल्या उत्सवात ती कविता दरवर्षी कोणीतरी मुलगी खणखणीत आवाजात म्हणते आणि आपण टाळ्या वाजवितो. झाशीची ती राणी तांब्यांची कन्या, म्हणजे आपल्याच घरची. बिठूरला ती मुलांच्या बरोबरीने घोड्यावर बसायला आणि तलवार चालवायला शिकली, हे सांगताना आपला ऊर भरून येतो. परंतु ती कविता म्हणणाऱ्या मुलीने, ‘मलाही अंगमेहनत करून काही दाखवावयाचे आहे,’ असे म्हणताच आपल्याला योग्य वेळ आठवते. पराक्रमी स्त्रीचा पुतळा आपल्याला चालतो, कारण पुतळा परवानगी मागत नाही.

परवानगी मागणाऱ्या एका स्त्रीची हकीकत येथे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर हमीदा बानू हिचे चित्र झळकविले, तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव आयुष्यात प्रथमच वाचले. वास्तविक एके काळी हे नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांतून गाजत होते. मिर्झापूर सोडून अलीगढला सलाम पहिलवानाच्या हाताखाली तयार झालेली ही मल्ल १९४० च्या दशकात पुरुष मल्लांशी जाहीर कुस्त्या करीत होती. १९४४ साली मुंबईत गूंगा पहिलवानाशी ठरलेली तिची कुस्ती पाहण्यास सुमारे २०,००० लोक जमल्याचे वृत्त तेव्हाच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने दिले होते. ती कुस्ती झालीच नाही. प्रतिपक्षाने ऐन वेळी पैशाच्या आणि मुदतीच्या अटी घातल्या आणि खवळलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. मागे हटला तो पुरुष, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९५४ च्या फेब्रुवारीत तिने आव्हान दिले, की जो मला कुस्तीत हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. या आव्हानात तमाशाचा भाग होता हे आम्ही नाकारीत नाही. परंतु स्वयंवरात पण लावण्याची प्रथा आपल्या पुराणांत सन्मानाने सांगितलेली आहे आणि तेथे पण लावणारा मुलीचा बाप असे, येथे मुलीने तो स्वतः लावला इतकाच फरक. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल हरल्यावर ती मे महिन्यात बडोद्यास आली. तेथे बाबा पहिलवानाशी झालेली कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत निकालात निघाली. त्याच वर्षी मुंबईत तिने व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्रीमल्लास एक मिनिटाच्या आत चीत केले. वजन १०८ किलो, उंची पाच फूट तीन इंच, दिवसाचे सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप असा तिचा दिनक्रम त्या वेळी छापून आला होता. तिच्या खुराकाची यादी तर कोल्हापूरच्या तालमीतील वस्तादालाही मान डोलवावयास लावील अशी होती.

आणि आता आपल्या महाराष्ट्राची पाळी. पुण्यात रामचंद्र साळुंके यांच्याशी तिची कुस्ती ठरली होती. कुस्तीच्या नियामक संघटनेने हरकत घेतल्यामुळे ती रद्द झाली. आणखी एके ठिकाणी पुरुष मल्लास हरविल्याबद्दल प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडविली, दगड मारले आणि पोलिसांना तिला सुखरूप बाहेर काढावे लागले. बंदीच्या विरुद्ध तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. त्यांचे उत्तर असे, की बंदी ती स्त्री आहे म्हणून घातलेली नाही; संयोजक तिच्यापुढे बनावट प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारी आल्या म्हणून घातलेली आहे.

उत्तर म्हणून हे निर्दोष आहे. त्यात स्त्रीचा अवमान नाही, उलट प्रेक्षकांच्या हिताची काळजी आहे. आपल्यापैकी ज्यांनी आयुष्यभर अशी उत्तरे लिहिली त्यांना या मसुद्याचे सौष्ठव सांगावयास नको. आम्हीही तो आदराने वाचला आणि मग त्यास तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न हा, की बडोदे आणि मुंबई ही दोन्ही शहरे १९५४ साली त्याच मुंबई राज्यात होती. तेथे जी गोष्ट चालली ती पुण्यात का चालू नये? बडोदे ही तर जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या माणिकरावांची नगरी. मल्लविद्येची चाड तेथे पुण्याहून कमी होती असे कोणी म्हणणार नाही. कायदा एक, सरकार एक आणि निकाल दोन, असे जेव्हा घडते तेव्हा कारण कायद्यात शोधू नये.

दुसरा प्रश्न बनावट कुस्त्यांचा. ठरवून केलेल्या नूरा कुस्त्या पुरुषांत नव्हत्या काय? त्याच दशकात दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाईल झुंजींना लोक झुंबड करीत होते. त्यांत खेळ किती आणि झुंज किती, याची चर्चा पानाच्या ठेल्यापासून दिवाणखान्यापर्यंत सर्वत्र चाले. म्हणून त्या झुंजींची बोळवण कोणी हरकतींनी केली नाही. पुरुषाने लोकांना फसविले तर ती करमणूक आणि स्त्रीने फसविल्याची नुसती तक्रार आली तरी तो सार्वजनिक हिताचा प्रश्न, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो मल्लविद्येच्या स्वतःच्या धर्माचा आहे. हमीदा बानूपुढे दुबळे मल्ल उभे केले जातात अशी संघटनेची खात्री होती, तर संघटनेने आपला सबळ मल्ल द्यावयास हवा होता. पंच आपले, वजनकाटा आपला, वेळ आपली, जोड आपली. दहा मिनिटांत सत्य काय ते मातीवर उघडे पडले असते. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात शेवटच्या नारळाची कुस्ती लागते तेव्हा आव्हान देणाऱ्याला कोणी अर्ज लिहावयास सांगत नाही. ज्याची छाती असेल तो लांग चढवून पुढे येतो. शड्डूला उत्तर शड्डूनेच द्यावयाचे असते. पुण्यात त्यास उत्तर शेऱ्याने दिले गेले. याला आम्ही सावधगिरी म्हणत नाही; मैदान सोडणे म्हणतो.

स्त्री आणि पुरुष यांची कुस्तीच मुळात अनुचित, असा एक आक्षेप येथे येईल. तो प्रामाणिक आहे आणि आम्ही त्याची टवाळी करणार नाही. पण ज्यांना हे अनुचित वाटत होते त्यांच्यापुढे एक सरळ मार्ग होता: स्त्रियांच्या स्त्रियांशी कुस्त्या लावाव्या. तो मार्ग किती तत्परतेने चोखाळला गेला हे इतिहासच सांगतो. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली २०२३ च्या मार्चमध्ये, सांगलीस. मधली बासष्ट वर्षे औचित्याच्या विचारात गेली असावीत.

आता दृष्टी थोडी दूर, जपानकडे वळवू. कारण तेथेही ही कहाणी त्याच १९५४ साली सुरू होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मिल्ड्रेड बर्क ही अमेरिकन स्त्रीमल्ल आपल्या सहकारिणींसह तेथे गेली आणि टोकियोच्या कुरामाए येथील ज्या सभागृहात सुमो कुस्तीचे मानाचे सामने होत, त्याच छताखाली स्त्रियांच्या झुंजी झाल्या. जपान हा स्त्रियांच्या बाबतीत मोठा उदार देश आहे असा आमचा भ्रम नाही. सुमोच्या मातीच्या चौथऱ्यावर स्त्रीने पाऊल ठेवू नये हा दंडक तेथे आजतागायत चालू आहे. २०१८ साली माइझुरू येथे भाषण करताना चौथऱ्यावर कोसळलेल्या महापौरांवर उपचार करण्यास धावलेल्या स्त्रियांनाही ध्वनिक्षेपकावरून खाली उतरण्यास सांगण्यात आले होते. असा हा देश. परंतु त्या देशाने एक चौथरा बंद ठेवला तरी दुसरा उघडू दिला.

१९६८ साली मात्सुनागा बंधूंनी अखिल जपान महिला व्यावसायिक कुस्ती संस्था काढली. येथील झुंजींचा निकाल पूर्वनियोजित असतो. ते कोणी मनावर घेत नाही, कारण उचलून आपटलेल्या शरीराला लागणारा मार पूर्वनियोजित असून कमी लागत नाही. १९८० च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस आसुका ही जोडी दूरदर्शनवरून घरोघर पोहोचली. त्यांचा प्रेक्षक कोण होता? गणवेशातल्या शाळकरी मुली. ऑगस्ट १९८५ मध्ये ओसाका येथे हरणाऱ्याने केस कापून घ्यावे अशी अट असलेली झुंज झाली, नागायो हरली आणि रिंगणातच तिचे मुंडन झाले, तेव्हा त्या हजारो मुली ओक्साबोक्शी रडल्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये टोकियो डोमसारख्या प्रचंड क्रीडागारात याच संस्थेने केवळ स्त्रियांच्या झुंजींचा दिवसभराचा सोहळा केला. प्रेक्षकसंख्या संयोजकांनी ४०,००० हून अधिक सांगितली. ती संस्था २००५ साली बंद पडली, तरी परंपरा तुटली नाही. २०१० साली स्थापन झालेली ‘स्टारडम’ ही संस्था आज ती चालवीत आहे.

या चित्राची काळी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. मालक पुरुष होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली भरती होत. दारू, धूम्रपान आणि पुरुषसहवास या तिन्ही गोष्टींना बंदी असे. आणि सव्विसावे वर्ष गाठले की निवृत्ती जवळजवळ सक्तीची. नागायोलाही १९८९ साली अशीच रजा मिळाली. पण पुढे काय झाले ते पाहावे. तीच नागायो १९९० च्या दशकात परत आली, तिने आपली स्वतःची संस्था काढली, नव्या मुली तयार केल्या आणि सव्विसाव्या वर्षाचा तो नियम पाहता पाहता मोडीत निघाला. अन्याय झाला तोही रिंगणात आणि त्याचे परिमार्जन झाले तेही रिंगणातच. रिंगण असले म्हणजे भांडावयास जागा असते. रिंगणच नाकारले की भांडण कोठे करावयाचे?

हमीदा बानूचे काय झाले? १९५४ नंतर ती कुस्तीच्या जगातून जवळजवळ नाहीशी झाली. तिचे पुढील आयुष्य कल्याणला गेले. दूध विकून तिने चरितार्थ चालविला. पैशाची फार ओढ लागली तेव्हा रस्त्याच्या कडेला घरी केलेले खाद्यपदार्थ विकले. १९८६ साली ती वारली. तीनशेवर कुस्त्या जिंकल्याचा दावा करणारी ही मल्ल मुंबईपासून पाऊणएक तासाच्या अंतरावर तीसएक वर्षे राहत होती. आणि एकाही तालमीला, एकाही संघटनेला, तिला बोलावून चार मुली तिच्या हाताखाली द्याव्यात असे सुचले असल्यास त्याची खूण मागे राहिलेली नाही. जपानने आपल्या मल्लांना सव्विसाव्या वर्षी घरी पाठविले म्हणून आपण हळहळतो. आपण आपल्या मल्लास दुधाच्या बरण्या मोजावयास बसविले.

नियतीचा खेळ असा, की २०२३ साली सांगलीस पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीसमोर जी मुलगी उभी राहिली ती वैष्णवी पाटील, कल्याणची. प्रतीक्षा जिंकली, चांदीची गदा तिने खांद्यावर घेतली. कल्याणच्या मातीतून एक मल्ल तेथवर पोहोचली याला हमीदा बानूची पुण्याई म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो आवरला पाहिजे. हमीदा बानूपासून त्या मुलीपर्यंत कोणी धागा ओवलाच नव्हता. प्रत्येक पिढीतील मुलीला आपल्याकडे पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, हेच तर आमचे गाऱ्हाणे आहे.

आणि हे गाऱ्हाणे फक्त जुन्या काळाचे नाही. २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिकने ऑलिंपिक पदक मिळविले, देशातील स्त्रीमल्लांतील पहिले. २०२३ साली तीच साक्षी, विनेश फोगाट आणि इतर मल्ल आपल्या तक्रारींची दखल घ्यावी म्हणून दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरपटत उचलून नेले ती छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. त्यानंतर सव्वा वर्षाने, ६ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसला त्याच विनेशने जपानच्या युई सुसाकीस शेवटच्या काही सेकंदांत हरविले. सुसाकी तोपर्यंत ८२ आंतरराष्ट्रीय कुस्त्यांत एकदाही हरली नव्हती. दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम वजनाने विनेश अपात्र ठरली हे दुर्दैव. तो नियम होता आणि नियम सर्वांस सारखा होता, म्हणून त्याविषयी आम्ही तक्रार करीत नाही. मातीवरचा आणि गादीवरचा नियम कितीही कठोर असो, तो उघड असतो. आमचा रोष आहे तो न लिहिलेल्या नियमावर, जो टिपणीच्या तळाशी ‘सध्या शक्य नाही’ असे म्हणून आपले तोंड लपवितो.

आमचे वाचक मुख्यतः सरकारी सेवेतील आहेत, आणि म्हणूनच हे आम्ही येथे लिहीत आहोत. १९५६ पर्यंत हे जबलपूर नागपूरच्या सचिवालयाखाली होते. तेव्हापासून मराठी माणूस येथे येतो तो बहुधा शिक्का आणि सही घेऊन येतो. मैदान द्यावयाचे की नाही, सभागृह मिळेल की नाही, क्रीडानिधीतून मुलींसाठी गादी घ्यावयाची की मुलांच्या व्यायामशाळेस आणखी एक आरसा, हे ठरविणारी लेखणी आपल्यापैकी कोणाच्या तरी खिशात असते. हमीदा बानूला महाराष्ट्रात कोणा मल्लाने हरविल्याचे आमच्या वाचनात आलेले नाही. तिला हरविणारी एक हरकत होती आणि तीवर झालेला एक हुकूम. तो हुकूम काढणाऱ्यांच्या मनात दुष्टावा असेल असे आम्हांस वाटत नाही. ते कदाचित आपल्यासारखेच सज्जन, कर्तव्यदक्ष आणि अडचणीत येऊ न इच्छिणारे लोक असतील. म्हणूनच ही हकीकत भीतिदायक आहे.

आता पुन्हा आमच्या मंडळाकडे. निवृत्त गृहस्थांच्या त्या वाक्याचे उत्तर आम्हांस त्या दिवशी सुचले नाही, आज देतो. परवानगी न देणारा अधिकारी अडचणीत येत नाही हे खरेच आहे. अडचणीत येते ती ज्या माणसाला परवानगी मिळाली नाही ती व्यक्ती, आणि तिची अडचण कोणत्याही नस्तीत नोंदली जात नाही.

त्या मुलीचे वडील बदलीच्या नोकरीत आहेत. त्यांची येथील तीन वर्षे येत्या डिसेंबरात पुरी होतात. पुढील वर्षी योग्य वेळी प्रस्ताव पुनश्च सादर करावा असे आपण लिहिले होते. बदलीवरच्या कुटुंबात ‘पुढील वर्षी’ याचा अर्थ काय होतो हे आपल्याइतके कोणास ठाऊक आहे? आपण सर्वांनीच आपल्या मुलांच्या अर्ध्या राहिलेल्या शाळा, अर्धवट सुटलेली गाणी आणि मागे राहिलेले सवंगडी पाहिले आहेत. ती मुलगी यंदाच्या उत्सवात उतरली नाही तर आपल्या माणसांसमोर उतरणारच नाही.

यास्तव तो प्रस्ताव आम्ही येत्या बैठकीत आमच्या नावाने पुन्हा ठेवीत आहोत. गादी आणण्याची आणि परत पोहोचविण्याची जबाबदारी आमची. काही अडचण उद्भवल्यास खुलासाही आमच्याकडेच मागावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो बैठकीत उभे राहून, त्या मुलीच्या देखत सांगावा; ती वडिलांबरोबर येणार आहे.